रंगाचा ठेका आणि एक एकर बांधी

गेल्या पंधरवड्यांत एकोडीचा एक तरुण वहीचें एक पान घेऊन आमचेकडे आला. एकोडी हें भंडारा जिल्ह्यांतील साकोली तालुक्याचें गांव. धान हें तेथलें पीक, आणि धान निघालें कीं नागपूरची वाट धरणें हा तेथल्या पुष्कळ पोरांचा क्रम. हा तरुण त्यांतलाच. आठ वर्षें त्यानें दुसऱ्याच्या हाताखालीं भिंती रंगविल्या. हात सफाईचा, व्यसन नाहीं, बोलणें नरम. "काकाजी," तो म्हणाला, "शिडीवर मी चढतो, पुट्टी मी घासतो, आणि खाली उभा राहून पैसा मोजतो तो ठेकेदार. आता मीच ठेका घेतो म्हणतो."

विचार उत्तम. आम्हीं त्याची पाठ थोपटली आणि तें पान हातांत घेतलें. त्यावर पुढील रकमा होत्या. जुनी मालगाडी १,८०,०००. रंग फवारण्याचें मशीन ४५,०००. शिड्या, ब्रश, रोलर वगैरे २५,०००. पाटी, फ्लेक्स आणि नांवाचीं कार्डें १०,०००. साकोलीस रस्त्यावर एक गाळा, अनामत व भाडें मिळून ४०,०००. बेरीज तीन लाख. बेरीज बरोबर होती. पान उलटलें तेव्हां मागें हे तीन लाख कोठून येणार तेंहि लिहिलेलें होतें. एक एकर बांधी एका गृहस्थाच्या नांवें खरेदीखत करून द्यावयाची, शेकडा पांच दरमहा व्याज द्यावयाचें, आणि मुद्दल फिटलें कीं त्यानें जमीन परत लिहून द्यावयाची. परत लिहून देण्याचा कागद मात्र नाहीं. तो 'शब्दावर' आहे.

वाचकहो, हा शब्द तुमच्या आमच्या आज्यानेंहि ऐकला होता. कित्येक घरांची बांधी याच शब्दावर गेली. म्हणून आज ह्या एका पानावर आम्ही एवढी जागा खर्च करीत आहों. असें पान घेऊन हिंडणारीं पोरें एकोडींत एकच आहे असें नव्हे. लाखनी, पवनी, तुमसर, कोठेंहि जा, तुम्हांस तें भेटेल.

प्रथम हें सांगतों कीं आम्ही ठेकेदारीच्या विरुद्ध नाहीं. आपल्या माणसानें जन्मभर रोजच मोजावा आणि हिशेब दुसऱ्यानें ठेवावा, असें म्हणणारे आम्ही नव्हे. जोतीराव फुले स्वतः ठेकेदार होते. पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी ही त्यांची. येरवड्याच्या पुलाच्या आणि खडकवासल्याच्या कामाशीं त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध होता. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला तेव्हां मुंबईंत त्याच्या पाठीशीं रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार यांच्यासारखे बांधकामाचे तेलुगू ठेकेदार उभे राहिले. चुना, दगड आणि मजुरांचा हजेरीपट यांतून ज्यांनीं पैसा मिळविला त्यांनींच चळवळीला पैसा दिला. तेव्हां ठेका ही कांहीं परकी विद्या नाहीं. पण ती हिशेबाची विद्या आहे.

त्या तरुणाच्या पानांत चूक काय? त्यानें वस्तू मोजल्या, दिवस मोजले नाहींत. तीन लाखांत हाताखालच्या माणसांच्या मजुरीसाठीं एक पैसाहि नव्हता. स्वतःच्या मजुरीचा तर विचारच नाहीं. आम्हीं विचारलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "माझी कसली मजुरी काकाजी, मी तर मालक!"

येथेंच आपला कुणबी, तेली, कोहळी, पोवार, महार, सगळा कष्टकरी फसतो. धान पिकविलें तरी आपण बियाणें, खत, ट्रॅक्टरचें भाडें एवढेंच मोजतों. घरधनी चिखलांत किती दिवस राबला, घरच्या बायांनीं किती दिवस रोवणी केली, तें कोणीं मोजलें? केंद्र सरकारचा कृषिखर्च व मूल्य आयोगसुद्धां धानाचा खर्च काढतांना घरच्या माणसांची मजुरी धरतो. आपण आपली धरीत नाहीं. आणि हा रंगाचा धंदा तरी कोठून आला? दिवाळी आली कीं आपल्या आया-आज्या पांढरी माती कालवून भिंती पोतारीत, ओटा सारवीत, गेरूचा पट्टा ओढीत. आठ आठ दिवस चाललेलें तें काम फुकट होतें, म्हणून त्याची किंमत कोणाला कळली नाहीं. आज त्याच कामाचा ठेका होतो आणि आईची ती संवय मुलाच्या वहींत जशीच्या तशी उतरते.

आतां एक घर घेऊं. भाव आम्ही उदाहरणापुरते धरतों. प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालून गणित पुन्हां करावें. समजा, चार खोल्यांचें स्लॅबचें घर, आंतून रंगवावयाचें. भिंती आणि छत मिळून २,४०० चौरस फूट. दोन हात पुट्टी, घासणें, प्राइमर, दोन हात रंग. माल घरमालकाचा, मजुरी फुटाला १२ रुपये. ठेका झाला २८,८०० रुपयांचा. कामावर स्वतः हा तरुण, दुसरा एक पेंटर आणि एक मदतनीस. पेंटरचा रोज ६००, मदतनिसाचा ४००. दिवस लागले चौदा. दोघांना मजुरी दिली १४,०००. पेट्रोल, पॉलिश पेपर, टेप, झिजलेले ब्रश यांत १,५०० गेले. हातांत राहिले १३,३००. तरुण म्हणेल, तेरा हजार नफा झाला! अरे बाबा, तूं चौदा दिवस शिडीवर होतास. दुसऱ्याकडे गेला असतास तर ८,४०० रुपये तुला असेच मिळाले असते. ते वजा कर. उरले ४,९००. ठेकेदार म्हणून तुझी कमाई ती एवढी. पावसानें फुकट गेलेला दिवस, पुन्हां घासावी लागलेली भिंत, शेवटच्या हप्त्यांत कापून घेतलेले दोन हजार, हें सगळें ह्या ४,९०० तून जावयाचें आहे.

आतां हेंच त्याच्या तीन लाखांशेजारीं ठेवा. शेकडा पांच म्हणजे महिन्याला १५,००० व्याज. एकहि दिवस रिकामा न जातां महिन्याला दोन घरें केलीं तर ठेक्याची कमाई ९,८००. म्हणजे व्याज भागविण्यालाच स्वतःच्या रोजांतून ५,२०० घालावे लागणार. पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल्या असतात, बाहेरचें काम बंद, रोवणीला माणसें गेलेलीं. म्हणून वर्षाचे आठ महिने कामाचे धरा. आठ महिन्यांची ठेक्याची कमाई ७८,४०० आणि स्वतःचा रोज १,३४,४००, मिळून २,१२,८००. व्याज मात्र बाराहि महिने चालतें, तें १,८०,०००. घरांत वर्षाला आले ३२,८०० रुपये, आणि मुद्दल जेथल्या तेथें! आठ वर्षें हाताखालीं राबून जें घर चाललें तें मालक झाल्यावर उपाशी मरणार. मशीन घेतलें कीं काम दुप्पट होईल असें त्याचें म्हणणें. काम दुप्पट होईल हें खरें. पण दुप्पट घरें कोठून येणार? एकोडीचीं घरें मशीन पाहून वाढत नाहींत.

यापेक्षां मोठी गोष्ट उधारीची आहे. आपल्याकडे रंगाचे दोन हंगाम. एक दिवाळीपूर्वीं, दुसरा उन्हाळ्यांत लग्नसराईचा. दिवाळीचा हंगाम जोराचा, पण तो नेमका कोणत्या वेळीं येतो पाहा. धान अजून बांधींत उभें असतें किंवा नुकतें कापलेलें असतें. आधारभूत केंद्रावर तें जाणार, काटा होणार, आणि चुकारे खात्यांत यावयास पुढें कित्येक आठवडे. घराला रंग हवा आश्विनांत आणि पैसा येतो पौषांत. घरमालक लबाड नसतो. त्याच्या खिशांतच नसतें. तो प्रामाणिकपणें म्हणतो, "चुकारे आले की देतो." मदतनिसाला मात्र बाजाराच्या दिवशीं मजुरी पाहिजे, त्याच्या घरचें तेल-मीठ चुकाऱ्यांची वाट पाहात नाहीं.

वरच्याच घराचा हिशेब घ्या. आगाऊ मिळाले ८,०००. खर्च झाले १५,५००. म्हणजे काम संपलें तेव्हां पदरचे ७,५०० अडकलेले आणि येणें २०,८००. दिवाळीपूर्वीं अशीं तीन घरें केलीं तर २२,५०० पदरचे गुंतले आणि ६२,४०० लोकांकडे बाकी. वहींत ठेकेदार बासष्ट हजारांचा धनी असतो, आणि घरीं बायको किराणा दुकानदाराला तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीनें जाते. धंदा येथें बुडतो. काम नाहीं म्हणून बुडणारे थोडे. काम भरपूर असून बुडणारेच आम्हीं जास्त पाहिले. मग चौथ्या घराची आगाऊ रक्कम पहिल्या घराच्या मजुरीला जाते, पांचव्याची चौथ्याला, आणि एक दिवस माणूस मोबाईल बंद करून नागपूरला पळतो.

ह्यावर उपाय कर्ज नव्हे. उपाय कागद आहे. कामाला हात लावण्यापूर्वीं एका पानावर लिहावें: मोजमाप इतकें, दर इतका, पुट्टीचे हात किती, रंगाचे किती, माल कोणाचा, आणि पैसे केव्हां. शंभरांतले तीस आगाऊ, तीस पुट्टी पुरी झाल्यावर, तीस रंगाचा पहिला हात झाल्यावर, दहा शेवटीं. खालीं दोघांच्या सह्या. २८,८०० च्या कामांत पहिले तीन हप्ते प्रत्येकीं ८,६४० चे, म्हणजे शेवटचा हात मारण्यापूर्वींच २५,९२० हातांत येतात. पदरचें कांहींच गुंतत नाहीं. ज्याच्याकडे धान विकल्याशिवाय पैसाच नाहीं त्याला मोकळेपणानें सांगावें, "भाऊ, तुमचें घर माघांत करतों, तेव्हां मलाहि काम कमी असतें." तो रागावणार नाहीं, उलट त्याची सोय होईल.

पण आपल्याला मागण्याची लाज! मामाच्या घरीं कागद कसा करावा, सोयऱ्याकडे हप्ता कसा मागावा, पाटलाला सही कशी सांगावी! भीड ही भिकेची बहीण. सावकाराच्या खरेदीखतावर अंगठा उठवितांना ज्याला लाज वाटत नाहीं त्याला आपल्या घामाच्या पैशाचा कागद करतांना ती कां वाटावी, हें कोडें आम्हांस सुटलेलें नाहीं.

मोजमापाविषयींहि दोन शब्द. घर ८०० फुटांचें आहे असें मालक म्हणतो तें जमिनीचें माप. १० बाय १२ ची खोली घ्या, उंची १० फूट. जमीन १२० फूट. पण चार भिंती ४४० आणि छत १२०, मिळून ५६०. जमिनीच्या मापावर ठेका सांगितलेला नवा माणूस पहिल्याच घरांत बुडाला म्हणून समजा. टेप स्वतः धरावा, मालकाला दुसरें टोक धरावयास लावावें, आणि दारें-खिडक्या वजा करावयाच्या कीं नाहींत तें तेथेंच ठरवावें. माल आपल्याकडे घेण्याचा मोह पहिलें वर्षभर तरी टाळावा. दुकानदार उधार देतो, कंपनीच्या डब्यांत टोकन निघतें, त्याचे पैसे मिळतात, हें सगळें गोड लागतें. पण मालकानें पैसे थकविले कीं दुकानदाराची उधारी आपल्या नांवें उभी राहते.

मग किती पैसा लागतो? आमच्या अंदाजानें साठ हजार. अल्युमिनियमची एक शिडी, एक घोडी, रोलर, ब्रश, पुट्टीच्या पट्ट्या, बादल्या, ताडपत्री, माल कालवण्याचें यंत्र, टेप मिळून १४,०००. कमरेचा पट्टा, दोर, टोप, चष्मे आणि तोंडावरचे मास्क यांना ३,५००. वह्या आणि छापील करारपत्रें १,०००. तीन घरांची मजुरी व किरकोळ खर्च गुंतला तरी अडू नये म्हणून २२,५००. दोन महिन्यांचा घरखर्च १६,०००. नड-अडचणीस ३,०००. ह्यांत सामान चौथाईहूनहि कमी आहे. बाकीचें सगळें दिवस काढण्यासाठीं आहे. गाडी नको, शिडी बैलगाडीवर, ऑटोवर, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाईल. गाळा तर मुळींच नको. पेंटरची पाटी म्हणजे त्यानें गेल्या वर्षीं रंगविलेली आणि यंदाच्या पावसांत न सुटलेली भिंत.

हे साठ हजारहि एकदम उभे करण्याची गरज नाहीं. दोन हंगाम रोज करतांना वीस हजार बाजूस टाकावे. उरलेल्यांसाठीं बँक आहे. २०१५ सालच्या मुद्रा योजनेंत 'शिशु' या नांवानें ५०,००० पर्यंतचें कर्ज मिळतें आणि त्याला जमीन तारण द्यावी लागत नाहीं. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते. तिचे पांचशे-हजार घेणारा दलाल दिसला तर त्याला हात जोडावे. बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतील, साहेब उद्यां या म्हणेल, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी दहा वेळां जावें. बँक दर सांगते तो वर्षाचा, गांवांतला गृहस्थ सांगतो तो महिन्याचा. पांच हा आंकडा लहान वाटतो तो एवढ्याचसाठीं. महिन्याचे पांच म्हणजे वर्षाचे साठ. महाराष्ट्राच्या सावकारी नियमन कायद्याखालीं २०१४ सालीं जे दर ठरले त्यांत परवानाधारक सावकाराला बिगरशेती तारण कर्जावर वर्षाला पंधरा टक्केच घेतां येतात. हे साठ चौपट झाले. आणि परवाना तर ह्या गृहस्थाकडे नाहींच. अवैध सावकारींत खरेदीखत करून घेतलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागतां येते, हेंहि ज्यांची गेली आहे त्यांनीं लक्षांत ठेवावें.

सरकारलाहि एक प्रश्न आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजीं पीएम विश्वकर्मा योजना निघाली. अठरा धंदे धरले. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार, न्हावी, परीट, राजमिस्त्री आहे. भिंत बांधणारा आहे, पण ती रंगविणारा नाहीं. कां? आम्हांस वाटतें तें असें कीं घराचा रंग हा कोणत्याहि जातीचा पिढीजात धंदा नाहीं. बापाकडून आलेल्या हत्याराला मान आहे. पोरानें स्वतः शिकलेल्या ब्रशाला नाहीं. वास्तविक ज्या धंद्याच्या दारांत कोणाला जात विचारली जात नाहीं, त्या धंद्याला पहिला हात द्यावयास हवा होता.

आणखी एक खर्च कोणीहि लिहीत नाहीं, तो पडण्याचा. रोज करणारा पडला तर ठेकेदाराच्या नांवानें बोटें मोडतो. ठेकेदार झाल्यावर तीं बोटें आपल्या नांवानें मोडलीं जातात, आणि भरपाईची जबाबदारीहि आपल्यावर येते. १९९६ च्या कायद्यांतून इमारत व इतर बांधकाम कामगारांचें कल्याणकारी मंडळ उभें झालें आहे; पेंटर त्यांत बसतो. वर्षांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला देतांना नागपूरच्या ठेकेदारानें ह्याला किती हेलपाटे घालावयास लावले तें त्यानें आठवावें, आणि आपल्या मदतनिसाला तो मागण्याआधीं द्यावा. वर्षाला २० रुपयांच्या सुरक्षा विम्यांत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. दवाखान्याचा खर्च मात्र त्यांतून मिळत नाहीं, म्हणून पट्टा आणि दोर. जुना ऑइल पेंट कोरडा घासतांना तोंड बांधावें. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, ही १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वींच्या दारा-खिडक्यांवर काय आहे तें कोणास ठाऊक, आणि ती धूळ मदतनिसाच्या छातींत जाते.

जीएसटीची भीति एवढ्यांत बाळगण्याचें कारण नाहीं. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर जाईपर्यंत अशा कामाला नोंदणी लागत नाहीं. पॅन कार्ड मात्र काढून ठेवावें.

हें सगळें आम्हीं त्या तरुणाला दोन तास बसवून सांगितलें. गाडी त्यानें खोडली, गाळाहि खोडला. मशीन खोडतांना त्याचा हात थांबला. तें त्यानें नागपुरांत चालवून पाहिलें आहे आणि त्याचा जीव त्यावर आहे. मशीन राहूं द्या, आम्हीं म्हटलें, पण तिसऱ्या वर्षीं, आणि धंद्याच्या पैशांतून. मग आम्हीं त्याला गेल्या वर्षींचे आपले रोज लिहून काढावयास सांगितलें. किती दिवस काम मिळालें, किती दिवस रिकामे गेले, कोणीं किती बुडविलें. त्याला तें सांगतां येईना. तो म्हणाला, घरीं बायकोला आठवत असेल, ती कॅलेंडरवर खुणा करते.

खरेदीखताची तारीख येत्या सोमवारची ठरलेली आहे. इसार त्यानें अजून घेतलेला नाहीं. शनिवारीं तो कॅलेंडर घेऊन येतों म्हणाला आहे, आणि आम्हीं त्याला बायकोलाहि बरोबर आणावयास सांगितलें आहे.